कामावर अपघात झाला, पण भरपाईचा अर्ज नेमका कुठे अडतो?

परांचीवरून माणूस पडला की पहिल्या दोन तासांत साइटवर काय काय होतं, ते आता मला पाठ झालंय. मुकादम टेम्पो बोलावतो, दोघं उचलून आत ठेवतात. हॉस्पिटलात केसपेपर काढताना डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" जखमी माणूस शुद्धीत नसतो, म्हणून मुकादमच सांगून टाकतो, "घरी जिन्यावरून पडला." पुढे दावा सुनावणीला येतो तेव्हा समोरचा वकील हाच केसपेपर बाहेर काढतो.

म्हणून फॉर्म भरण्याबद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे. फॉर्म कोणालाही भरता येतो. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक फॉर्मच्या आधीच्या गोष्टींमुळे.

आधी कायद्याचं नाव, कारण अर्जावर तेच चुकतं. 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा, नंतरचा असेल तर संहिता. पैशांच्या हिशोबाची चौकट तीच राहिली आहे. (कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय करा, ही मागणी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्याच गिरणी कामगारांच्या वतीने 1884 मध्ये केली होती. कायदा यायला 39 वर्षं लागली. आपली फाइल दोन वर्षं पडून आहे म्हणून चिडणाऱ्यांना मी हे सांगतो. त्यांना बरं वाटत नाही, ते सोडा.)

आधी ईएसआय तपासा

दहा किंवा जास्त माणसं असलेली आस्थापना आणि महिना ₹21,000 पर्यंत पगार असेल, तर माणूस बहुधा ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येतो. तसं असेल तर भरपाईचा हा दावा चालतच नाही. सगळं ईएसआयकडून घ्यायचं: उपचार, कामावर जाता येत नाही त्या काळात रोजच्या पगाराच्या 90 टक्के रक्कम, मृत्यू झाल्यास कुटुंबाला पेन्शन. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात का आणि आयपी नंबर (ईएसआयचा विमाधारक क्रमांक) आहे का, हे पहिल्या दिवशी बघा. वर्षभर चुकीच्या दारात उभं राहून परत फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

ईएसआय नसेल तर पुढचं वाचा.

कोणाकडेच नसलेला कागद

"हा माणूस तुमच्याकडे कामाला होता याचा पुरावा?" या एका प्रश्नावर मुंबईतले निम्मे दावे अडखळतात. नाक्यावरून उचललेल्या बिगाऱ्याला किंवा सेंट्रिंगवाल्याला नेमणूकपत्र कोण देणार? हजेरीची वही मुकादमाच्या खिशात, आणि अपघातानंतर मुकादमाचा फोन बंद.

तरीही खुणा राहतातच, फक्त त्या आठवडाभरात गोळा कराव्या लागतात. गेटवरच्या रजिस्टरमधली नोंद. साइटवर घुसताना दिलेलं पास-कार्ड. मुकादमाने जीपेवर टाकलेले आठवड्याचे पैसे. "उद्या आठला ये" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. खोलीत सोबत राहणाऱ्या दोन-तीन सहकाऱ्यांचे जबाब. आणि सगळ्यात सोपी, तरी कोणी न करणारी गोष्ट म्हणजे साइटच्या बाहेरच्या बोर्डाचा फोटो. त्यावर विकासकाचं नाव असतं, बहुतेक वेळा ठेकेदाराचं आणि महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाचा प्रवर्तक कोण ते अधिकृतपणे कळतं. ठेकेदार गायब झाला तरी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते, कारण आपल्याच धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्यावर कायद्याने ती जबाबदारी टाकली आहे. सोसायटीच्या रंगकामाच्या वेळी मात्र "बांधकाम हा आमचा धंदा नाही" असा बचाव येतो. तिथे ठेकेदाराला सोडू नका.

ठेकेदाराच्या 'डब्ल्यूसी पॉलिसी'बद्दलही, म्हणजे कामगारांच्या अपघात-भरपाईच्या विम्याबद्दल, विचारा. मोठे बिल्डर ती घेतल्याशिवाय ठेकेदाराला आत येऊ देत नाहीत. पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही दाव्यात पक्षकार करा, नाहीतर निकाल हातात येतो आणि वसुली कोणाकडून करायची ते कळत नाही.

केसपेपरवर "घरी पडला" असं आलंच असेल तर गप्प बसू नका. प्रकरण एमएलसी (हॉस्पिटलाने पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून नोंदलंय का ते बघा आणि पोलिसांच्या जबाबात अपघाताची जागा, वेळ, काम स्पष्ट लिहून घ्या. मृत्यू झाला असेल तर पंचनामा, एफआयआर किंवा अपमृत्यूच्या नोंदीची प्रत आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण 'राखून ठेवलं' असेल तर व्हिसेऱ्याचा (तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा) अहवाल येईपर्यंत थांबू नका. दावा आधी दाखल करा, तो कागद मागून जोडता येतो.

पन्नास हजार आणि अंगठा

हॉस्पिटलच्या बाहेर चहाच्या टपरीवर घडणारा प्रकार. ठेकेदाराचा माणूस पन्नास हजार रोख देतो, "आमची काही तक्रार नाही" असं टाइप केलेला स्टॅम्प पेपर पुढे करतो, आणि विधवा अंगठा देते, कारण मृतदेह गावाला न्यायला गाडीभाडं लागतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने शून्य आहे. आणि मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते, ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हातात दिलेले पैसे फार तर आगाऊ म्हणून, तेही तीन महिन्यांच्या पगाराएवढेच वळते होतात. अंगठा दिला म्हणून घाबरून घरी बसलेल्या बायकांना मी हे शंभरदा सांगितलं असेल.

दावा करायची दोन वर्षांची मुदत कधीपासून?

अपघाताच्या तारखेपासून. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून. डिस्चार्जपासून नाही, पोलिसांनी फाइल बंद केली त्या दिवसापासूनही नाही. "केस चालू आहे ना" म्हणून लोक थांबतात, पण ती केस पोलिसांची असते. भरपाईचा दावा वेगळा आणि तो आपणच करायचा असतो. उशीर झालाच असेल तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण माफी मिळेलच यावर संसार बांधू नका.

दावा मुंबईतच करावा लागतो, हाही गैरसमज. अपघात गोरेगावात झाला आणि कुटुंब जालन्याला परतलं असेल, तर दावा जालन्यातही करता येतो. हे न सांगितल्यामुळे किती जण रेल्वेभाड्यापायी तारखा चुकवतात!

वारस नव्हे, अवलंबित

वारस दाखल्यासाठी लोक महिनोन्महिने तहसील आणि कोर्टात खेटे घालतात. या दाव्यात प्रश्न वारसाचा नाही, अवलंबित कोण याचा आहे. पत्नी, अज्ञान मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई हे सरळ येतात. वडील येतात ते मुलाच्या कमाईवर जगत होते हे दाखवलं तर. सज्ञान, धडधाकट मुलगा येत नाही, मग सातबाऱ्यावर त्याचं नाव असो. लग्नाचं प्रमाणपत्र नसतं, तेव्हा रेशनकार्ड, पतीचं नाव असलेलं आधार, मुलांचे जन्मदाखले जोडा.

किती मिळतं

पगार कितीही असो, 2020 पासून हिशोबासाठी महिना ₹15,000 पेक्षा जास्त धरत नाहीत. रोज 900 घेणाऱ्याच्या घरच्यांना हे ऐकून धक्का बसतो. मृत्यूमध्ये या रकमेचे 50 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. वय 30 असेल तर गुणक 207.98, म्हणजे ₹7,500 गुणिले 207.98, एकूण ₹15,59,850. कायमच्या पूर्ण अपंगत्वात 60 टक्के धरतात. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं कायद्याच्या तक्त्यात आहे. त्याच तिशीतल्या माणसाला ₹18,71,820 चे 30 टक्के, म्हणजे ₹5,61,546 मिळतील.

इथे एक खड्डा आहे. लोक यूडीआयडी कार्डावरचा (सरकारी अपंगत्व ओळखपत्रावरचा) टक्का घेऊन येतात. तो अपंगत्वाचा टक्का असतो, कमाई किती बुडाली याचा नव्हे. तक्त्यात नसलेल्या दुखापतीसाठी डॉक्टरांकडून कमाईच्या क्षमतेचंच प्रमाणपत्र घ्या आणि त्यात तुमचं काम लिहायला लावा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या निकालात त्याचं नुकसान 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

महिन्याभरात मालकाने पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात दोन्ही मागा. न मागितलेलं आपणहून द्यायला इथे कोणी बसलेलं नाही.

मालकाचा ठरलेला बचाव: "त्याने बेल्ट लावला नव्हता." मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही. इतर दुखापतीतही त्याने जाणूनबुजून नियम मोडला हे मालकाला सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बेल्ट आधी साइटवर असावा लागतो! तपासणीच्या दिवशी वाटायचे आणि संध्याकाळी परत गोळा करायचे हेल्मेट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. निरीक्षक वेळच्या वेळी, न कळवता साइटवर आले असते तर हा लेख लिहायची वेळ कमी वेळा आली असती.

बाकी पायऱ्या साध्या: अर्ज, ओळखपत्रं, वयाचा पुरावा, बँक पासबुक, वरचे कागद. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. "मिळेल त्यातले तीस टक्के माझे" म्हणणाऱ्याला नमस्कार करून तिथून निघा.

निकालानंतर मालक किंवा विमा कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकते, मुदत 60 दिवस. त्या नोटिशीने घाबरू नका. मालकाला अपील करण्याआधी निकालाची रक्कम जमा करावी लागते. म्हणजे नोटीस आली तर पैसे जमा झालेत का ते आधी विचारा आणि वकिलाला ते काढण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करायला सांगा.