फ्लॅटमधल्या कुत्र्यालाही गोचीड लागते

'फ्लॅटमधल्या कुत्र्याला गोचिडी होत नाहीत, त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाच होतात,' असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. पटण्यासारखाच आहे तो, कारण गोचीड म्हटलं की आपल्याला गवतच आठवतं.

पण मुंबईत कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड घरातच पिढ्यान्‌पिढ्या काढू शकते. कंपाउंडमधल्या फेरीत ती अंगावर चढते. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, एरंडाच्या बीसारखी राखाडी दिसायला लागते, मग गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. त्यातून निघालेली सहा पायांची पिल्लं परत कुत्र्यावरच चढतात. गोचिडी उपाशीही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून नुसत्या आंघोळीने भागत नाही.

खात्री करायची तर कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघा. मग टॉर्च घेऊन त्याच्या अंथरुणाजवळची स्कर्टिंग आणि दाराची चौकट तपासा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल कृपा करून लावू नका, कातडी भाजते. औषध कुत्र्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्या, आणि मुंबईच्या दमट हवेत ते पावसाळ्यापुरतं नाही, बाराही महिने चालू ठेवा.