क्रूझ कंट्रोल आलं कुठून, आणि त्याच्यावर किती विसंबायचं

क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेल्या स्पीडला गाडी धरून ठेवणारी सोय, ज्याने शोधलं त्या राल्फ टीटरला दिसत नव्हतं. लहानपणी अपघातात दृष्टी गेली, तरी अमेरिकेतल्या इंडियानात तो मोठा इंजिनियर झाला, पहिल्या महायुद्धात लढाऊ जहाजांच्या टर्बाइनचे रोटर (फिरणारे भाग) त्याने नुसत्या हाताच्या स्पर्शाने बॅलन्स केले. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की स्पीड कमी करायचा आणि ऐकताना वाढवायचा, त्या धक्क्यांना टीटर वैतागला. त्यात दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायरचं रबर वाचवायला तिकडे ताशी 35 मैलांची मर्यादा आली, म्हणजे एकाच स्पीडला गाडी धरून ठेवायची गरज सगळ्यांनाच होती.

1950 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि 1958 मध्ये क्रायसलरच्या महागड्या गाड्यांमध्ये ते 'ऑटो-पायलट' म्हणून आलं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मूळ कल्पनेत गाडी स्वतः पळत नव्हतीच, ठरवलेल्या स्पीडला पोचलात की एक्सलेटर पायाला उलटा दाब द्यायचा, बस. स्पीड लॉक करायची आणि ब्रेकला पाय लागला की सुटायची सोय नंतर जोडली, आणि पाय मोकळा झाला तो तिथे. पुढे 1973 च्या तेलसंकटानंतर तिकडे 55 मैलांची मर्यादा आली आणि हे फीचर आणखी पसरलं.

पण या क्रूझला रस्त्यावर पुढे काय आहे ते काहीच कळत नव्हतं. 1995 मध्ये मित्सुबिशीने डायमांटे या कारमध्ये लेझर लावून पुढच्या गाडीशी अंतर राखायला सुरुवात केली, तेही फक्त एक्सलेटर सोडून आणि गिअर उतरवून, ब्रेक मारत नव्हती ती. मग 1999 च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये रडार आलं, ते ब्रेकही लावायचं.

रडारची अडचण अशी की पुलाचे खांब, बोर्ड, कठडे यांच्यावरूनही सिग्नल परत येतो, प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही, म्हणून जास्त स्पीडला उभ्या वस्तूंकडे बऱ्याच सिस्टिम दुर्लक्ष करत आल्या. आता जोडीला कॅमेरा असतो, सुधारणा झालीय, तरी उभ्या गाडीबद्दलची वॉर्निंग अजूनही कित्येक मॅन्युअलमध्ये असते. पुढची कार अचानक लेन बदलते आणि समोर बंद पडलेला ट्रेलर, हा सगळ्यात वाईट प्रसंग.

आपल्याकडे 2020 ची एमजी ग्लॉस्टर, 2021 ची एक्सयूव्ही 700 यांच्यापासून अॅडाप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखणारं, लोकांच्या हातात यायला लागलं, आणि आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा, तासन्‌तास पायाला काम नाही, डुलकी लागायला अजून काय पाहिजे? तिथे लावा, पण पुढच्या गाडीशी गॅप सगळ्यात मोठी ठेवा, पाय ब्रेकजवळच राहू द्या, आणि पुढे दूरवर उभा ट्रक किंवा रस्त्याच्या कामाचे प्लॅस्टिकचे शंकू दिसले की गाडीची वाट न बघता स्वतः ब्रेक मारा. जोरदार पावसात बंदच करा, पाणी साचलेल्या जागी टायर तरंगला तरी साधं क्रूझ स्पीड धरूनच ठेवायला बघतं. कसाऱ्याच्या जुन्या घाटात किंवा गावातून जाणाऱ्या हायवेवर, जिथे उलट्या बाजूने बाईक येते, तिथे तर लावूच नका.