परदेशी संगणक सांगलीत पोहोचेपर्यंत: आयात शुल्काची पार्श्वभूमी

‘संगणकावर ड्युटी शून्य आहे’ असं सांगलीच्या बाजारात कुणीही सांगेल. ते खरं आहे. पण विश्रामबागेत राहून शिकणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी परदेशातून एखादं ग्राफिक्स कार्ड मागवतो, तेव्हा कुरिअरवाला त्याच्या हातात भलामोठा कर लावलेली पावती ठेवतो. तीही खोटी नसते. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजायचं तर निदान पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

१९७० साली केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन झाला. तेव्हा संगणक बाहेरून आणायचा तर पैशाआधी परवानगी लागायची. परकीय चलन तुटपुंजं होतं आणि ते धान्य, तेल, यंत्रसामग्रीसाठी राखून ठेवायचं, असा सरकारचा विचार होता. शिवाय देशी संगणक उभा राहावा, ही इच्छाही खरी होती; हैदराबादची सरकारी कंपनी ईसीआयएल १९६७ पासून त्याच कामाला लागली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानं विदेशी कंपन्यांना भारतातली मालकी कमी करायला सांगितलं. आयबीएमनं ते मानलं नाही आणि १९७८ साली ती देशाबाहेर पडली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्या काळात आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वर होतं. यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त पैसे सरकारला, आणि तेही परवाना मिळालाच तर.

वळण आलं नोव्हेंबर १९८४ मध्ये. राजीव गांधी पंतप्रधान होऊन महिनाही झाला नव्हता, तोच नवं संगणक धोरण जाहीर झालं. परवान्यांच्या अटी सैल झाल्या आणि संगणकावरचं शुल्क साठ टक्क्यांच्या आसपास खाली आलं. आज साठ टक्के हा आकडा ऐकून धक्का बसेल, पण तेव्हा ती मोठी सवलत होती.

या धोरणाचा आपल्या भागाशी असलेला संबंध फारसा कुणी सांगत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर या पट्ट्यात सांगलीचं वालचंद (१९४७) आणि कराडचं सरकारी महाविद्यालय (१९६०) एवढीच मोठी नावं होती. आता साखराळ्यासारख्या गावात अभियांत्रिकीची प्रयोगशाळा उभी राहू लागली. विनाअनुदानित संस्थेचा सगळा खर्च अखेर फीतून निघतो. म्हणजे मुंबई बंदरात संगणकावर भरलेलं शुल्क ऊसवाल्या, द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्या खिशातूनच जात होतं. आयात शुल्क ही शहरातल्या कंपन्यांची भानगड आहे, असं मानणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही आणि मला तेच खटकतं.

१९९१ मध्ये दोन उलट्या दिशांच्या गोष्टी घडल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला, म्हणजे प्रत्येक परदेशी वस्तू आपोआप महागली. त्याच महिन्यात डॉ. मनमोहनसिंग यांच्या अर्थसंकल्पानं आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. त्याआधी काही वस्तूंवर तो तीनशेच्या वर होता. पुढे तो उतरत गेला. १९९५ ला ५० टक्के, १९९७ ला ४०.

तरी गावात येणारा संगणक स्वस्त झाला नाही, कारण वाटेत आणखी एक नाका होता. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्यायचे आणि इथं जोडून ‘असेंबल्ड’ यंत्र विकायचं, अशी दुकानदारांची रीत होती. शहराच्या हद्दीवर त्या मालाला जकात लागायची. साताऱ्यासारख्या नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. सांगली-मिरज-कुपवाडची महापालिका मात्र १९९८ लाच झाली होती, आणि महापालिकांत जकात व मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) असा प्रवास पुढेही चालला. बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटीतून सुटका झाली ती १ ऑगस्ट २०१५ रोजी.

शून्य शुल्काचं मूळ मात्र दिल्लीत नाही, सिंगापुरात आहे. डिसेंबर १९९६ मध्ये तिथं जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञान करार झाला आणि १९९७ साली भारत त्यात सामील झाला. संगणक, त्याचे भाग, दळणवळणाची उपकरणं यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं संपवायचं होतं. २००५ मध्ये ते शून्यावर आलं. दरसूचीत ८४७१ या क्रमांकाखाली येणाऱ्या संगणकाला तेव्हापासून मूळ आयात शुल्क नाही. देशी कारखानदारी यात होरपळली, हा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. २०१५ मध्ये याच कराराची व्याप्ती वाढवली गेली तेव्हा भारत बाहेर राहिला. मोबाइलवर २०१७ मध्ये १० टक्के शुल्क लागलं, ते २०१८ पर्यंत २० झालं आणि २०२४ मध्ये १५ वर आलं. संगणक मात्र शून्यावरच राहिला.

पण मूळ शुल्क शून्य म्हणजे कर शून्य नव्हे. १ जुलै २०१७ पासून आयातीवर आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) लागतो, संगणकाला १८ टक्के. तो मोजला जातो वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक मिळून. विमानानं आलेल्या मालाचं वाहतूक भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात, तरी कुरिअरच्या भाड्यावरही कर बसतोच. वर रुपया-डॉलरचा दर बाजारातला नाही, सीमाशुल्क मंडळ ठरावीक काळानं जाहीर करतं तो.

सगळ्यात अन्यायाची जागा इथं आहे. तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद परदेशी पाठवणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड असतो, न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणारा ओळखीचा क्लिअरिंग एजंट असतो. त्यानं व्यवसायासाठी सर्व्हर आणला तर १८ टक्के भरतो आणि ते क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढे द्यायच्या करातून, वळते करून घेतो. विद्यार्थ्याला क्रेडिट नाही. शिवाय त्याचं पार्सल बहुतेक वेळा ‘खासगी वापर’ या वेगळ्या शीर्षकात, ९८०४ मध्ये, टाकलं जातं. जीएसटीनंतर काही काळ त्याचा हिशेब असा होता: १०० रुपयांच्या वस्तूवर १० रुपये मूळ शुल्क, त्यावर १ रुपया समाजकल्याण अधिभार, आणि १११ रुपयांवर २८ टक्के आयजीएसटी. एकूण कर ४२ रुपये ८ पैसे. जी वस्तू व्यापाऱ्याच्या खोक्यात १८ टक्क्यांत सुटायची, तीच एकट्या मुलाच्या पाकिटात बेचाळीस टक्क्यांवर जायची. ‘भेट’ म्हणून पाठवायची पळवाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली.

विमानानं येणाऱ्याची गोष्ट निराळी. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो, ही सूट जानेवारी २००४ पासून आहे. अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या मामाकडे आपल्याकडची घरं अजून लॅपटॉप सांगतात, ते यामुळेच. ज्याला असा मामा नाही, त्याला ही सूट नाही.

३ ऑगस्ट २०२३ रोजी चित्र पुन्हा बदललं. लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हरच्या आयातीवर परवान्याची अट एकाएकी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी ती ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलली आणि नोव्हेंबरपासून ऑनलाइन परवानगीची पद्धत सुरू झाली. सुरक्षा आणि देशी उत्पादन ही कारणं दिली गेली; त्याच वर्षी मे महिन्यात आयटी हार्डवेअरसाठी १७,००० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती. टपालानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या एका नगाला या अटीतून वगळलं आहे, पण त्यावरचा कर चुकत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठे मॉनिटरही २८ वरून १८ टक्क्यांत आले. एकट्या ग्राहकाच्या पार्सलाला व्यापारी आयातीचाच दर लावावा, ही मागणी त्यानंतर तरी जोरात व्हायला हवी. साखराळे, कराड, सांगलीतल्या महाविद्यालयांनी आणि इथल्या खासदारांनी ती अर्थसंकल्पाआधीच्या निवेदनांत मांडली, तर तिला वजन येईल.