स्थलांतर, परागंदा आणि चाकरमानी

'स्थलांतर' या शब्दातले 'अंतर' म्हणजे दोन गावांमधले मैल नव्हेत. संस्कृतात अशा समासाच्या शेवटी येणाऱ्या 'अंतर'चा अर्थ 'दुसरा'. देशांतर म्हणजे दुसरा देश, स्थलांतर म्हणजे दुसरे स्थळ. मराठीत मात्र ठिकाणाचे हे नाव तिथे जाण्याच्या क्रियेला मिळाले. भाषांतर आणि वेषांतर हे शब्दही याच वाटेने आले. गोव्यातल्या कुशस्थळीचा देव मंगेश १५६० मध्ये पोर्तुगीज अमलाच्या धाकाने जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. तिथे 'स्थलांतर' अक्षरशः लागू पडते. देवांना दुसरे स्थळ मिळाले आणि ते तिथलेच झाले.

माणसांसाठी जुन्या कागदांत दुसरा शब्द भेटतो, 'परागंदा'. तो फारसीतून आला. मूळ अर्थ 'विखुरलेला'. माणूस कुठे गेला याच्याशी या शब्दाला देणेघेणे नाही, तो गावात उरला नाही एवढेच तो सांगतो. स्वारी झाली, दुष्काळ पडला, शेतसारा झेपेनासा झाला की रयत परागंदा व्हायची. मग जमीन पडीक राहू नये म्हणून सरकार कौल, म्हणजे सवलतीचे लेखी वचन, देऊन तिला परत बोलवायचे.

कोकणातून मुंबईला गेलेला माणूस या दोन्ही शब्दांत मावत नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढे गिरण्या वाढल्या तसा सर्वांत जास्त कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून जाऊ लागला. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. गावी जमीन थोडी, तीही पुष्कळदा खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, आणि भात एका पावसाचे. घरातला एक जण बोटीने मुंबई गाठायचा, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहायचा आणि मनीऑर्डर धाडायचा. बायकामुले, गुरे आणि देव्हारा मात्र गावीच. शिमग्याला आणि गणपतीला तो परतायचा.

त्याला गावाने नाव दिले चाकरमानी. 'चाकर' हाही फारसी शब्द, अर्थ नोकर. कोकणाने जाण्याला नाव न देता कामाला दिले, हे मला फार खरे वाटते. स्थळ त्याने बदललेच नव्हते. घराच्या वाटणीत आणि देवळाच्या मानपानात त्याची जागा कायम होती. त्याला 'स्थलांतरित' म्हणणाऱ्या सरकारी रकान्याला हे दिसत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव ओसरत गेले. ती चाकरी गेली, शब्द राहिला. १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावणाऱ्या कोकण रेल्वेतून आज उतरणारी मुले विरार-डोंबिवलीत जन्मलेली असतात, पणजोबांची गिरणी त्यांनी पाहिलेलीही नसते. तरी गणपतीच्या आदल्या दिवशी बंद घराचे कुलूप निघाले की शेजारी हाक मारतात, "चाकरमानी इले!"