समलिंगी हक्क चळवळ (महाराष्ट्र)

स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ असणाऱ्या स्त्री-पुरुषांनी भेटीगाठी, परस्परांचा आधार आणि नागरी हक्क यांसाठी उभी केलेली चळवळ. महाराष्ट्रात तिला संघटित रूप १९९० पासून आले. मुंबई हे तिचे मुख्य केंद्र, त्याखालोखाल पुणे. कायद्याची लढाई वर्तमानपत्रांतून गाजली म्हणून चळवळ कोर्टात जन्मली असा समज होतो. प्रत्यक्षात माणसे आधी एकमेकांना भेटली. कोर्ट बऱ्याच वर्षांनी आले.

मराठीत या विषयावर जाहीर लिहिणे मात्र त्याही आधीचे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हा खटला आता चळवळीचा पूर्वइतिहास म्हणून सांगितला जातो. ते थोडे ओढूनताणून आहे, कारण त्यातून कुठलीही संघटना उभी राहिली नाही.

१९९० पूर्वी मुंबईत भेटण्याच्या जागा होत्या, पण त्या माहीतगारांनाच माहीत: लोकलचा ठरावीक डबा, मोठ्या स्थानकांची स्वच्छतागृहे, एखादी बाग, समुद्राकाठचा कठडा. तिथे नावे विचारायची पद्धत नव्हती. पोलीस आणि खंडणीखोर दोघांनाही या जागा ठाऊक असत. ‘घरी सांगू का?’ एवढ्या एका प्रश्नावर घड्याळ, अंगठी, पाकीट निघून जाई. तक्रार करायची म्हणजे आपणच गुन्हा कबूल करायचा, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. हे कलम १८६० च्या इंग्रजी अमदानीतल्या संहितेतले.

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. आरंभीचे अंक तपकिरी कागदात गुंडाळून विकले जात. लेख आणि आरोग्याची माहिती त्यात असेच, पण अनेक जण अंक उघडत ते मित्र-जोडीदार शोधणाऱ्यांच्या जाहिरातींसाठी. लहान गावात राहणाऱ्याला आपल्यासारखा दुसरा कोणी आहे हे कळण्याचा तेवढाच मार्ग होता. यातूनच १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली, आणि भिंतींच्या आत, भर दिवसा, खुर्चीत बसून बोलता येईल असे ठिकाण झाले. १९९८ पासून ‘गे बॉम्बे’ या गटाने गप्पांच्या बैठका, सहली आणि पार्ट्या भरवल्या. त्या काळी कुलाब्यातल्या ‘वूडू’ पबची शनिवारची रात्रही प्रसिद्ध होती. अर्थात तिथे जायला खिशात पैसे आणि अंगात इंग्रजीचा थोडा सराव लागे. डोंबिवली-विरारच्या मुलासाठी लोकलचा डबाच खरा राहिला.

संघटनांना पैसा मिळाला तो हक्कांसाठी नव्हे, एड्सविरोधी कामासाठी. सरकारी निधीतून कार्यकर्ते निरोध वाटत फिरत आणि तेच निरोध पोलीस पुरावा म्हणून दाखवू शकत. लखनौमध्ये २००१ साली असे कार्यकर्ते प्रत्यक्ष तुरुंगात गेले. त्याच वर्षी एड्सविरोधी काम करणाऱ्या ‘नाझ फाउंडेशन’ या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ ला आव्हान दिले. पुढे सुनावणीत केंद्र सरकारचे दोन विभाग परस्परविरोधी बाजू घेऊन उभे राहिले: एड्स नियंत्रण संघटना याचिकेच्या बाजूने, गृहखाते विरोधात.

आरोग्याच्या निधीभोवती उभ्या राहिलेल्या या कामात स्त्रियांना जागा नव्हती. बागा आणि स्थानके त्यांची कधीच नव्हती, आणि त्यांची अडचण रस्त्यावरच्या पोलिसापेक्षा घरात होती: लग्नाची सक्ती, कोंडून ठेवणे, पळून गेलेल्या जोडीमागे वडिलांची अपहरणाची तक्रार. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. त्याची मुळे स्त्रीमुक्ती चळवळीत होती. डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ चित्रपटाविरुद्ध शिवसेनेच्या महिला आघाडीने मुंबईतील चित्रपटगृहात तोडफोड केली. त्यावरून झालेल्या निदर्शनांत ‘लेस्बियन’ हा शब्द फलकावर उघडपणे आला. त्याआधी स्त्री चळवळीतही तो दबक्या आवाजात बोलला जात असे.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांचे वेगळेपण मराठीत आहे. हेल्पलाइनवर मराठीतून बोलणे आणि पालकांना, डॉक्टरांना वाचता येतील अशी साध्या भाषेतली पुस्तके, हे काम मुंबईच्या इंग्रजी वळणाच्या गटांनी फारसे केले नव्हते. पुण्याचा पहिला प्राइड मोर्चा, म्हणजे आपली ओळख अभिमानाने मिरवणारा मोर्चा, २०११ मध्ये निघाला, नागपूरचा २०१६ मध्ये. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ काम करतो.

मुंबईचा ‘क्वीअर आझादी’ (क्वीअर म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा सर्वांसाठीचा शब्द) मोर्चा १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाला. ‘छोडो भारत’चे मैदान आणि स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस ही निवड विचारपूर्वक होती: इंग्रज गेले, त्यांचे कलम राहिले. ढोल होते, फलक होते आणि अनेकांच्या तोंडावर मुखवटे होते, कारण सोमवारी कचेरीत जायचे होते. पुढे तृतीयपंथी, पालक आणि कंपन्यांचे कर्मचारीही त्यात मिसळले. आपल्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या पालकांचा ‘स्वीकार’ हा गट २०१७ मधला.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञानांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि कारणांत असेही नोंदवले की दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले. आकडा खरा असेल, पण ज्याचे पाकीट कठड्यावर गेले तो त्या दोनशेंत येणार कसा? ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे बाहेर काढले.

सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क मात्र नाकारला गेला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीच्या कामकाजातून २०२४ मध्ये काही सूचना निघाल्या: संयुक्त बँक खाते उघडता येते, जोडीदाराला नॉमिनी करता येते, रेशन कार्डावर एक कुटुंब धरता येते. वारसा, दत्तक आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरची सही यांबाबत जोडीदाराला नवरा-बायकोचा कायदेशीर दर्जा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, बळजबरीच्या संबंधांसाठी २०१८ नंतरही उरलेल्या ३७७ सारखे कलमच नाही. त्यामुळे पुरुषावर बळजबरीने झालेल्या अत्याचारासाठी स्वतंत्र तरतूद उरली नाही, आणि तशी तक्रार घेऊन कोणी पोलीस ठाण्यात गेला तर मारहाण, दुखापत, डांबून ठेवणे अशी कलमे जुळवावी लागतात.