वरून लुकलुकणारा निरोप

प्रकाशावरून बोलायची आयडिया रेडिओच्याही आधीची आहे. १८८० मध्येच ग्रॅहम बेलने फोटोफोन बनवून उन्हाच्या झोतावरून आवाज २१३ मीटर लांब पोचवला होता, आणि टेलिफोनपेक्षा हाच आपला मोठा शोध असं तो सांगायचा. पण मधे ढग आला की संपलं, आणि ही कटकट आजही तशीच आहे.

अंतराळातली सुरुवात तशी घरगुती म्हणावी लागेल. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन रात्री ऑस्ट्रेलियावरून जाणार म्हणून पर्थच्या लोकांनी मुद्दाम दिवे चालू ठेवले, त्याला ते दिसले आणि त्याने रेडिओवरून आभारही मानले. निरोप काय, तर फक्त ‘आहोत’. त्याच वर्षी ॲना-१बी हा सॅटेलाइट वर गेला, तो उलटा वरून फ्लॅश मारायचा, पण तो पृथ्वीच्या मोजणीसाठी.

खरी कमाल १९६८ ची. सर्व्हेयर ७ हे अमेरिकेचं माणूस नसलेलं यान चंद्रावर उतरलं होतं आणि इकडून कॅलिफोर्नियातलं टेबल माउंटन आणि ॲरिझोनातलं किट पीक अशा दोन ठिकाणांहून जेमतेम एकेक वॅटचे निळसर-हिरवे आर्गॉन लेझर त्याच्याकडे रोखले, तर त्याच्या कॅमेऱ्यात पृथ्वीच्या अंधाऱ्या भागावर दोन ठिपके स्वच्छ आले, आणि गंमत म्हणजे अख्ख्या शहरांचे दिवे काही दिसले नाहीत. झोत बारीक आणि नेम बरोबर असला की एक वॅट पुरतो हे तेव्हाच कळलं.

१९९४ मध्ये जपानचा किकू-६ हा सॅटेलाइट ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही, तरी टोकियोजवळच्या स्टेशनने त्याच्याशी लेझरने सेकंदाला १ मेगाबिटने बोलून दाखवलं. वर जाणारा झोत हिरवा, खाली येणारा मात्र इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पुढे मोठा डेटा सगळा इन्फ्रारेडकडेच गेला, कारण त्यात उन्हाचा त्रास कमी, हवेत पसरणं कमी आणि फायबर लाइनसाठी बनलेले पार्ट आयते मिळतात.

मग दिसणारा प्रकाश कशाला हवा? तर तो बघायला डोळे पुरतात म्हणून, असं मला वाटतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये जपानच्या फुकुओका इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीवाल्यांचा फिटसॅट-१ उर्फ निवाका हा सॅटेलाइट स्पेस स्टेशनवरून सोडला, १० सेंटिमीटरचा डबा, वजन सव्वा किलोच्या आसपास, एका बाजूला ५० हिरवे एलईडी. दिशा धरायला आत चक्क लोहचुंबक, होकायंत्राच्या सुईसारखा. बॅटरी चार्ज करून ठेवायची आणि वेळ आली की थोडा वेळच पण जोरात पेटवायचे, तेही मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेत. कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून काढलेल्या फोटोत बाकीचे सॅटेलाइट सलग रेघ ओढतात, हा मात्र तुटक तुटक उमटायचा, म्हणजे फोटोतच सिग्नल. जुलै २०१३ मध्ये तो वातावरणात जळून गेला आणि पुढच्याच फेब्रुवारीत जपानच्याच शिन्शू युनिव्हर्सिटीचा एलईडीवाला सॅटेलाइट वर गेला.