हवाई वाहतूक, महासाथीनंतरची

कोविड-१९ च्या महासाथीत कोसळलेली प्रवासी विमान वाहतूक २०२० ते २०२४ या काळात जगाच्या निरनिराळ्या भागांत कमीअधिक वेगाने पूर्वपदावर आली. एप्रिल २०२० मध्ये ती आदल्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे ९४ टक्क्यांनी घटली होती. संपूर्ण वर्षाची घट सुमारे ६६ टक्के होती.

पूर्वपदावर येणे कशाला म्हणावे याविषयी एकमत नाही. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना प्रवासी-किलोमीटर मोजते, म्हणजे भाडे भरलेले प्रवासी गुणिले कापलेले अंतर. विमानतळ मात्र प्रवाशांची संख्या मोजतात. मुंबईहून लंडनला जाणारा एक प्रवासी पहिल्या पद्धतीत नागपूरला जाणाऱ्या सुमारे दहा जणांइतका भरतो. दुसऱ्या पद्धतीत दोघे सारखेच. त्यामुळे लांब पल्ल्याची उड्डाणे उशिरा सुरू झाली तिथे प्रवासीसंख्या आधी सावरलेली दिसते. शिवाय आयाटा प्रदेश ठरवते तो कंपनीच्या नोंदणीवरून: दुबईमार्गे न्यूयॉर्कला गेलेला एमिरेट्सचा मुंबईकर मध्यपूर्वेच्या खात्यात जमा होतो.

आधारवर्षाचा प्रश्नही आहेच. बहुतेक अहवाल २०१९ धरतात. पण त्या वर्षी मार्चपासून बोइंग ७३७ मॅक्स विमाने जमिनीवर होती आणि एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडल्याने भारतातील वाढ मंदावली होती. महासाथ आली नसती तर वाहतूक कुठवर गेली असती, ती पातळी प्रमाण मानणारे मतही आहे. ते तर्काला धरून असले, तरी ती पातळी अंदाजानेच काढावी लागते. म्हणून २०१९ शी तुलनाच अधिक भरवशाची वाटते. त्या हिशेबाने जागतिक वाहतुकीने जुनी पातळी बहुधा २०२४ च्या आरंभी ओलांडली. फेब्रुवारी २०२४ चा आकडा वाचताना लीप वर्षाचा जादा दिवस वजा धरावा.

प्रदेशाप्रदेशांतील वेगाच्या फरकाचे मुख्य कारण म्हणजे देशांतर्गत बाजारपेठ आणि सीमांविषयीचे धोरण. चीनमधील देशांतर्गत वाहतूक २०२० च्या सप्टेंबरपर्यंत जवळजवळ पूर्ववत झाली. परदेशी उड्डाणांवर मात्र एका कंपनीला एका देशासाठी आठवड्यातून एकच फेरी, असे कडक बंधन आले. ते पुढे थोडे सैल झाले, पण प्रवाशांचे विलगीकरण ८ जानेवारी २०२३ लाच संपले. जपाननेही ऑक्टोबर २०२२ पर्यंत पर्यटकांना मोकळीक दिली नाही. परिणामी २०२१ मध्ये आशिया-पॅसिफिक कंपन्यांची आंतरराष्ट्रीय वाहतूक २०१९ पेक्षा सुमारे ९३ टक्क्यांनी कमी होती. अन्य प्रदेशांत ही तूट दोन-तृतीयांशाच्या आसपास होती. अमेरिकेला मोठ्या अंतर्गत बाजारपेठेने आणि कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी मिळालेल्या सरकारी मदतीने तारले. युरोपात प्रवासी परतले तेव्हा कर्मचारी कमी पडले. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाला रोजच्या निर्गामी प्रवाशांवर १ लाखाची मर्यादा घालावी लागली.

भारतात देशांतर्गत उड्डाणे २५ मे २०२० रोजी सुरू झाली. मुंबईला आरंभी दिवसाला २५ उड्डाणे आणि २५ आगमने एवढीच परवानगी होती. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा २७ मार्च २०२२ पासून पूर्ववत झाली. देशांतर्गत प्रवासी २०१९ मध्ये सुमारे १४.४ कोटी होते, ते २०२३ मध्ये १५.२ कोटी झाले.

लॅटिन अमेरिकेत मेक्सिकोने हवाई सीमा बंद केल्या नाहीत. तरीही एरोमेक्सिको, लाताम आणि आव्हियांका या कंपन्यांनी २०२० मध्ये अमेरिकी न्यायालयांत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. आफ्रिकेत इथिओपियन एअरलाइन्सने प्रवासी विमानांतील आसने काढून मालवाहतूक केली.